पायडलवरचा पाय

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पायडल दाबतो. दुसरा गाडीखाली आडवा पडून चाकामागचं हवा सोडायचं छोटं निपल पान्यानं सैल करतो. जुनं ब्रेक ऑइल आणि त्यातले बुडबुडे नळीतून बाटलीत उतरतात. मग निपल आवळायचं, आणि ते आवळून झाल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. तो क्षणभर आधी उचलला तर हवा पुन्हा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं वाया जातं. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही. दोघांत फक्त आवाज असतो.

कारेगावच्या फाट्यावरच्या गॅरेजात हा आवाज मी अठरा वर्षं ऐकला. शाळेत शिकवून झालं की माझा घरी जायचा रस्ता तोच होता.

"मार... मार... मार... धर!" गाडीखालून नागसेन म्हणायचा.

"धरलाय!" वरून विक्रम.

"सोड."

"सोडला!"

चौथीत दोघं माझ्या वर्गात होते, एकाच बाकावर. विक्रम सर्जेराव आबांचा मुलगा. आबांची रस्त्याला लागून जमीन, सोसायटीत वजन. नागसेनचे वडील कोंडिबा वीटभट्टीवर जायचे, पण पोराच्या वह्यांना खाकी कव्हर स्वतः घालून द्यायचे. नागसेनचं गणित चुकलं की तो ते खोडत नसे. वरून एकच आडवी रेघ मारायचा आणि खाली पुन्हा सोडवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, कुठं चुकलं ते पुन्हा बघाया लागतं ना." नऊ वर्षांचा होता तेव्हा.

पुढं तो तीन वर्षं रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. तिथं एक पद्धत त्यानं उचलली. नट नीट आवळून झाला की कामगार त्यावर रंगाची बारीक रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट पुन्हा फिरला की रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. विक्रमबरोबर आबांच्या जमिनीवर पत्र्याचं शेड टाकून गॅरेज काढलं, तेव्हा नागसेननं ही रेघ ब्रेकच्या निपलांवर आणली. दरवर्षी रंग वेगळा. एका वर्षी पांढरा, पुढच्या वर्षी निळा, मग हिरवा. जुना रंग तो पुसत नसे, त्याच्यावरच नवी रेघ ओढायचा. त्यामुळं गाडी उचलली की कोणत्या वर्षी कोणत्या चाकाला पाना लागला ते वाचता यायचं. चाकांचा क्रमही ठरलेला: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळचं. कितीही घाई असो, क्रम बदलायचा नाही, आणि चारही रेघा झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही.

पाटी 'विक्रम ऑटो' अशी होती. गिऱ्हाईक मात्र यायचं आणि विचारायचं, "नागसेन हाय का?" विक्रमला त्याचं काही वाटत नसावं असं मला वाटायचं. तो मोठ्यानं हसायचा आणि म्हणायचा, "हाय की. खाली झोपलाय. उठवू का?"

शेवटच्या दोन-तीन वर्षांत विक्रमचे कपडे पांढरे होत गेले. तो ग्रामपंचायतीत सदस्य झाला होता, आता सरपंचपदाकडे डोळा होता. पायडलवर बसलेला असला तरी एका हातात फोन. नागसेन खालून ओरडायचा, "इक्या, धर म्हणलं न्हवं!" आणि वरून उत्तर यायचं, "धरलाय रं, धरलाय, बाबा! सरपंच झाल्यावर सुदिक तुझ्यासाठी पायडल धरायला येतो." दोघंही हसायचे. एकदा मी नागसेनला म्हटलं, आता दुसरा कुणी माणूस ठेव. तो म्हणाला, "बाई, पाय ओळखीचा लागतो. त्यो कवा थकला, कवा ढिला पडला, हे मला खाली कळतं."

सुलक्षणा माझ्याच शाळेतली, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर तिनं जुनी व्हॅन घेतली आणि कारखान्यातल्या बायकांना पाळीप्रमाणं ने-आण करायला लागली. फाट्यावरच्या पुरुषांना आधी ते पचलं नाही, मग सवय झाली. गाडी न्यायला आली की ती मोबाइलचा उजेड पाडून चारही चाकांमागं वाकून बघायची. रंगाची रेघ दिसली तरच किल्ली हातात घ्यायची. विक्रम तिला चिडवायचा, "ताई, आम्ही काय चोर हाय का?" ती म्हणायची, "चोर न्हाई ओ. पण गाडीत बायका माझ्या असत्यात."

तीन वर्षांपूर्वी श्रावणात या बायकांनी भुलेश्वरला जायचं ठरवलं. सोमवारी रजा टाकून नऊ जणी जाणार होत्या. शनिवारी सुलक्षणानं गाडी गॅरेजला आणली. नागसेननं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहिली.

"सुलक्षणा, ह्यो चहा झालाय," तो म्हणाला. "मागल्या साली आणलीच न्हाईस. हे तेल पाणी धरतं. घाटात ब्रेक तापला की आतलं पाणी उकळतंय, मग पायडल लागत न्हाई. बदलल्याशिवाय घाटात जायचं न्हाई."

"मग आज करा."

"आज ह्या दोन गाड्या हायत्या. उद्या मी वरवंडला. आमच्या मायाच्या नव्या घराची बुद्धवंदना हाय, भावानं जायाच पायजे. सोमवारी सकाळी सहाला ये. दीड तासात करून देतो, साडेसातला निघा."

ती बरं म्हणाली आणि गाडी तिथंच ठेवून गेली. विक्रम तिथंच उभा होता.

रविवारी संध्याकाळी झुंबरबाई गॅरेजवर आल्या. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या या बाई त्या नऊ जणींच्या पुढारी, आणि त्यांच्या शब्दावर वस्तीतली बरीच मतं फिरतात. "विक्रमभाऊ, देवाला ऊन चढायच्या आत पोचायचं हाय. पहाटं पाचला निघायचं म्हणतोय आमी," त्या म्हणाल्या. विक्रम म्हणाला, "मी हाय ना, मावशी. तासाभरात गाडी दारात." तासाभरानं गाडी सुलक्षणाच्या दारात होती. तिनं नेहमीसारखं वाकून पाहिलं. चारही चाकांमागं हिरवी रेघ. टाकीतलं तेल पाण्यासारखं स्वच्छ.

सोमवारी सहाला नागसेन गॅरेजवर आला तर व्हॅन नाही.

"करून दिली," विक्रम म्हणाला. "पंक्चरवाल्या पप्पूला पायडलवर बसवलं."

"आन् खाली कोण गेलं?"

"मी. दुसरं कोण?"

नागसेन हसत सुटला. "अठरा वर्सं वर बसून काढलीस आन् काल खाली उतरलास व्हय! पांढरा शर्ट काढला व्हता का तसाच?" त्या सकाळी तो फार खुशीत होता, असं त्याची बायको करुणा मला नंतर म्हणाली. त्यानं घरी फोन करून मुद्दाम सांगितलं होतं की इक्यानं एकट्यानं चारी चाकांचं काम केलं. शिकवलेलं पोर पास झाल्यावर शिक्षकाला वाटतं, तसं काहीसं त्याला वाटलं असणार.

दुपारी एकच्या सुमाराला फोन आला.

भुलेश्वरहून यवतकडं उतरताना पुढं एक भरलेली बस होती. सुलक्षणाला वळणावळणाला ब्रेक दाबावा लागत होता. "चौथ्या का पाचव्या वळणावर बाई, पायाखाली काहीच न्हवतं," तिनं मला सांगितलं. "पायडल सरळ खाली. जसा चिखलात पाय जातो ना, तसं." तिनं गिअर दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणला, हँडब्रेक ओढला आणि बस चुकवून गाडी आतल्या बाजूच्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर घातली. गाडी थांबली. झुंबरबाईंचं मनगट मोडलं, दोघी-तिघींना खरचटलं. बाकी सगळ्या धड होत्या. झुंबरबाई तशा अवस्थेतही म्हणाल्या म्हणे, "देवानं मला एकटीलाच ओळखलं बघा."

नागसेन आणि विक्रम मोटारसायकलवरून न्हावरा, चौफुला करत यवतला पोचले तेव्हा तीन वाजले होते. घाटाखालच्या हॉटेलसमोर व्हॅन ओढून आणली होती. दोन बायकांचे नवरे आले होते, गावातले पंधरा-वीस लोक होते. सुलक्षणा दगडावर बसली होती.

विक्रम सरळ गाडीत बसला आणि त्यानं पायडल दाबलं. ते घट्ट लागलं. तेल निवलं होतं, वाफ बसली होती. दोन तासांनी ब्रेक पुन्हा ब्रेकसारखा झाला होता.

"लागतोय की!" विक्रम म्हणाला.

लोकांत कुजबुज झाली. एक नवरा म्हणाला, "म्हंजी ब्रेकला काय झालंच न्हवतं?"

"मी दाबला व्हता. खाली गेला," सुलक्षणा म्हणाली.

"घाबरल्यावर माणूस क्लचवर बी पाय मारतंय," दुसरा म्हणाला. "बाईमाणसाच्या हातात घाटात गाडी दिल्यावर दुसरं काय व्हणार?"

नागसेन मोबाइलचा उजेड घेऊन मागच्या डाव्या चाकाशी आडवा झाला. हिरवी रेघ होती. अगदी त्याच्यासारखी, अर्धी निपलावर, अर्धी पत्र्यावर. त्यानं नखानं हिरवा रंग थोडा खरवडला. खाली दोन वर्षांपूर्वीची पांढरी रेघ होती, अखंड. कुठंही तडकलेली नाही. पाना लागला असता तर ती आधी तुटली असती. तो सरकत मागच्या उजव्या चाकाशी गेला. तिथंही तेच. या निपलांना दोन वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. टाकीतलं वरवरचं जुनं तेल काढून नवीन ओतलं होतं आणि वर रंग लावला होता. दुसरं काही नाही.

आणि तो खाली असतानाच वरून विक्रमचा आवाज आला. अठरा वर्षं तो आवाज त्यानं असाच, गाडीखाली पडून ऐकला होता.

"ब्रेकचं काम आमच्या नागसेनचं हाय," विक्रम लोकांना सांगत होता. "हिरवी खूण हाय बघा. त्याच्या कामात खोट निघाली तर मी मिशी काढून फिरंन. गाडीत काय दोष न्हाई. ताई घाबरली, माणूस हाय, व्हतं असं. मिटवून टाका."

नागसेन मला एकदाच या प्रसंगाबद्दल बोलला. म्हणाला, "बाई, त्यानं माझी निंदा केली असती तर मी वर येऊन दोन हाणल्या असत्या. त्यो माझं कौतुक करत व्हता." तो किती वेळ खाली पडून राहिला ते त्याला सांगता आलं नाही. गप्प बसला असता तर त्याचं नाव स्वच्छ राहणार होतं, गॅरेज राहणार होतं, विक्रम राहणार होता. जाणार होती ती फक्त सुलक्षणाची गाडी. घाटात घाबरणाऱ्या बाईच्या गाडीत दुसऱ्या दिवशी कोण बसलं असतं?

तो बाहेर आला. कपड्यांची धूळसुद्धा झटकली नाही.

"पप्पू पायडलवर व्हता?" त्यानं विक्रमला विचारलं.

विक्रम खिशातला फोन काढून बघू लागला. मग हळूच, जवळ येऊन म्हणाला, "नाग्या, आत्ता न्हाई. माणसं हायती. घरी बोलू."

नागसेननं मोटारसायकलच्या डिकीतून पाना, नळी, नव्या ब्रेक ऑइलचा डबा आणि रिकामी पाण्याची बाटली आणली. विक्रम सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं वळला. सुलक्षणा सांगते, त्याचा हात दारावर पडला होता.

"तू न्हाई," नागसेन म्हणाला. "सुलक्षणा, तू बस. मी सांगतो तसं कर. मी सोड म्हणल्याबिगर पाय उचलायचा न्हाई."

तो पुन्हा खाली गेला. "मार... मार... मार... धर." वरून सुलक्षणाचा बारीक आवाज आला, "धरलाय, दादा." बाटलीत काळपट, कढलेल्या चहासारखं तेल उतरलं. नागसेननं ती बाटली उजेडात धरली आणि बॉनेट उघडून टाकीतलं स्वच्छ तेल लोकांना दाखवलं.

"वर नवं, खाली दोन वर्सांचं," तो म्हणाला. "पाना लागलाच न्हाई. ही घाबरली न्हवती. हिनं नऊ बायका वाचवल्या. रंग माझ्या डब्यातला हाय, काम माझं न्हाई."

"मग काम कुणाचं?" कुणीतरी विचारलं.

नागसेननं विक्रमकडं पाहिलं. नाव घेतलं नाही. विक्रम म्हणाला, "अरे, तुझंच नाव राखत व्हतो मी!" लोकांना जे कळायचं ते त्यातूनच कळलं.

नागसेननं तिथंच, हॉटेलसमोर, चारही चाकांचं काम पुरं केलं. क्रमानं. पायडलवर सुलक्षणा. विक्रम दूर उभं राहून फोनवर बोलत राहिला आणि मग कुणाच्या तरी गाडीतून निघून गेला.

चार दिवसांनी विक्रम नागसेनच्या घरी गेला होता, करुणानं चहा दिला. तो म्हणाला, "झुंबरमावशीला शब्द दिला व्हता. पप्पू आलाच न्हाई. एकट्याला हवा काढता येत न्हाई, तुला तर म्हायती. म्हणलं, एक दिवसाचा तर प्रश्न हाय, परत आल्यावर करू. तू समजून घेशील वाटलं."

नागसेननं विचारलं, "आन् सोमवारी सकाळी मी हसत व्हतो, तवा तुला काय वाटलं?"

विक्रमनं चहा अर्धाच ठेवला.

नागसेननं अवजारं उचलली आणि वरवंडला बहिणीच्या घराशेजारी, हायवेच्या कडेला छोटं शेड टाकलं. त्याच्याकडं गिऱ्हाईक तुटून पडलं, असं मी लिहिणार नाही. कारेगावात आजही अर्धे लोक एवढंच सांगतात की नागसेनच्या खुणेची गाडी घाटात गेली होती. बाटलीतलं काळं तेल पंधरा-वीस जणांनी पाहिलं, हिरव्या रेघेची गोष्ट दोन हजारांनी ऐकली. खूण त्यानं बंद केली. रंगाचे डबे जुन्या शेडमध्येच ठेवून आला. आता तो गाडीच्या मालकालाच पायडलवर बसवतो. लोक कुरकुरतात, कपडे खराब होतात म्हणतात. तो म्हणतो, "तुमचा पाय, तुमची गाडी. मी सोड म्हणल्याबिगर उचलू नका." सुलक्षणा दर श्रावणाच्या आधी पन्नास किलोमीटर गाडी चालवत त्याच्याकडं जाते. झुंबरबाई तिच्याशेजारी पुढच्या सीटवर बसून जातात, मोडलेला हात दाखवतात आणि म्हणतात, "ह्यो हात साक्षीला आणलाय."

गेल्या महिन्यात वरवंडला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी कार्य होतं. सर्जेराव आबाही निघाले होते, म्हणाले, बाई, आमच्या गाडीतून चला. गाडी विक्रम चालवत होता. निवडणूक तो हरला होता. चौफुल्याच्या पुढं ब्रेक दाबला की पायडल थोडं खोल जाऊ लागलं.

"हवा हाय," विक्रम म्हणाला. "पुढं बघू कुठंतरी."

"कुठंतरी न्हाई," आबा म्हणाले. "नागसेनकडं घे."

विक्रमनं गाडी हळू चालवत वरवंडच्या त्या शेडसमोर आणली. नागसेन बाहेर आला. मला नमस्कार केला, आबांच्या पाया पडू लागला, आबांनी हात धरून उठवलं. विक्रम म्हणाला, "कसं काय, नागसेनराव?" पूर्वी तो कधी त्याला राव म्हणाला नव्हता.

"बरं हाय," नागसेन म्हणाला. त्यानं बॉनेट उघडलं, टाकी पाहिली, नवीन ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा फोडला, नळी आणि बाटली घेतली. विक्रमनं बाह्या सरकवल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेला.

"मी बसतो की," तो म्हणाला. "म्हायती हाय मला."

नागसेननं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. अनोळखी गिऱ्हाइकाकडं पाहावं तसं.

"नको," तो म्हणाला. "आबा, तुम्ही बसा."

"मी?" आबांना बहात्तर पुरी झालेली, गुडघे दुखतात. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मग नागसेनकडं. ते दाराला धरून हळूहळू आत बसले. धोतर सावरलं. चप्पल काढून पाय पायडलवर ठेवला.

नागसेन मागच्या डाव्या चाकाखाली गेला. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

"मारा, आबा... मारा... मारा... धरा."

"धरलाय रं बाळा," आबा म्हणाले.

बाटलीत बुडबुडे येऊ लागले. आबांचा पाय थरथरत होता. त्यांनी विचारलं, "सोडू का?"

"न्हाई, आबा. मी म्हणल्याबिगर न्हाई."

"बरं बरं. धरतो."

विक्रम माझ्याशेजारी उभा होता. सरकवलेल्या बाह्या त्यानं तशाच ठेवल्या होत्या. आबांचा तो थरथरणारा पाय तो बघत होता, आणि त्याचा स्वतःचा उजवा पाय, त्याच्या नकळत असेल, चपलेत मातीवर घट्ट दाबलेला होता.

"सोडा," खालून आवाज आला.

"सोडला," आबा म्हणाले.

विक्रमचा पाय तसाच राहिला.